लपवलेलं तेच बलवान?

‘आपली साधनं आणि माणसं शेवटपर्यंत लपवा, तरच जिंकाल’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

अण्वस्त्रधारी पाणबुडी घ्या. ती आहे हे जगाला मुद्दाम कळू देतात. लपवतात ते ठिकाण. ठाऊकच नसेल तर शत्रू बिचकेल कशाला? दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईआधी दोस्त राष्ट्रांनी तर नसलेलं सैन्य दाखवलं! सांगाड्यांवर कापड ताणून केलेल्या खोट्या नौका, खोटे बिनतारी संदेश... चढाई तिथेच होणार असं समजून जर्मन तुकड्या फ्रान्सच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर, पा-द-कॅलेला अडकून पडल्या.

पडताळणी सोपी आहे. समोरच्याला कळलं तर तो थांबेल की तोड काढेल? थांबणार असेल तर दाखवा, तोड काढणार असेल तर झाका. राखीव माणसं मात्र निदान आपल्या गोटात माहीत हवीत, नाहीतर ऐन वेळी त्यांना बोलावणार कोण?