हृदय सायकलवर घडतं, टाचेचा कंडरा नाही

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेली अमेरिकेची पार्कर व्हॅल्बी विद्यापीठात असताना आठवड्यातून दोन-तीनच दिवस धावायची. दुखापती टाळण्यासाठी बाकीचे दिवस व्यायामयंत्रावर आणि पाण्यात जायचे. तेव्हापासून ‘न धावताही अव्वल धावपटू होता येतं’ असं सर्रास ऐकू येतं. पण व्हॅल्बी कमी धावायची. धावायचीच नाही असं नव्हे. सगळी मेख तिथेच आहे.

दमसास क्रॉस ट्रेनिंगने, म्हणजे धावण्याऐवजी सायकल किंवा पाण्यातल्या व्यायामाने, नक्की वाढतो. पाय पॅडल मारोत की पाणी कापोत, तासभर जोर लावला की हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो, रक्तद्रवाचं प्रमाण वाढतं.  

खरी गंमत टाचेच्या वरच्या ॲकिलिस कंडऱ्यात, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीत आहे. वेगात धावताना पाऊल जमिनीवर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ टेकतं. तेवढ्यात पोटरीचा स्नायू ताठ होऊन जवळपास त्याच लांबीवर राहतो. ताणला जातो तो कंडरा, आणि साठवलेल्या ऊर्जेतली ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तो पाऊल उचलताना परत देतो. आखडत काम करणाऱ्या स्नायूपेक्षा नुसता ताठ राहणारा स्नायू तेवढ्याच जोराला कमी इंधन जाळतो. म्हणून व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) सारखा असलेल्या दोघांपैकी ज्याचा कंडरा जास्त टणक, तो त्याच वेगाला कमी ऑक्सिजन वापरू शकतो. असा टणक कंडरा घडायला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण वारंवार बसावा लागतो. पॅडलवर तो फार कमी बसतो, खोल पाण्यात जवळजवळ नाहीच.

त्यामुळे क्रॉस ट्रेनिंगने बदलायचे ते संथ धावण्याचे दिवस. वेगाचे टप्पे आणि लांब पल्ला जमिनीवरच हवा. सायकलवर नाडीचे ठोके धावण्यापेक्षा साधारण ५ ते १० ने कमी असतात, पाण्यातही कमीच. धावण्याचाच आकडा तिथे गाठायला गेलात तर हलका दिवस जड होतो. खोल पाण्यात धावताना कमरेला तरंगवणारा पट्टा बांधा, तळाला पाय लावू नका, धड उभं ठेवा. पुढे झुकलात की ते पोहणं होतं.

सर्वांत मोठी चूक होते ती दुखापतीनंतर परतताना. सहा आठवडे सायकल मारून दम शाबूत राहतो, पण नडगीचं हाड आणि कंडरा मागे पडलेले असतात. दम साथ देतो म्हणून पहिल्याच आठवड्यात जुनं अंतर धावलं की हाडाला बारीक चीर जाऊ शकते. आधी एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, असं वीस मिनिटं, दिवसाआड. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून दुखत नसेल तरच पुढचा टप्पा.