वायपरला परतीची वाट कशी सापडते?

जूनमधला पहिला जोरदार पाऊस झाला की वायरिंगवाल्यांकडे जुन्या गाड्यांची रांग लागते. कुणाचा वायपर काचेच्या मधोमध अडकलेला, कुणाचा बंद केला तरी थांबत नाही, तर कुणाचा हलतच नाही. तिन्ही तक्रारींवर निदान मात्र एकच मिळतं: "मोटर गेली." नवीन मोटर बसते, पैसे जातात आणि पुष्कळदा पंधरा दिवसांत तीच तक्रार परत येते, कारण दुखणं मोटरीत नव्हतंच.

दुखणं कुठे आहे ते ओळखायचं असेल तर आधी एका साध्या गोष्टीकडे नीट पाहावं लागतं. वायपर चालू-बंद करायची स्टिअरिंगजवळची दांडी तुम्ही कोणत्याही क्षणी बंद करा, ब्लेड तिथल्या तिथे थांबत नाही. ते आपला फेरा पुरा करतं, काचेच्या तळाशी जातं आणि तिथेच थांबतं. मोटरीला तर एवढंच ठाऊक: वीज आली की फिरायचं, गेली की नाही. मग तळ आला हे तिला कसं कळतं?

अमेरिकेत मेरी अँडरसन यांना १९०३ साली वायपरचं पेटंट मिळालं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गाडीत बसून दांडा हातानं ओढायचा होता, आणि कुठे थांबायचं ते ओढणाऱ्याला दिसत होतं. मोटर आली आणि हे शहाणपण यंत्रात भरावं लागलं.

मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका या पिढीच्या गाड्यांतली मोटर म्हणजे शाळेत शिकलेली १२ व्होल्टची डीसी मोटर. पोलादी डब्याला आतून चिकटवलेले दोन फेराइट चुंबक, मध्ये फिरणारं तारेच्या गुंडाळ्यांचं आर्मेचर, त्याच्या कॉम्युटेटरवर (गुंडाळ्यांची टोकं जिथे येतात त्या तांब्याच्या कड्यावर) टेकलेले, वीज आत नेणारे तीन कार्बन. आर्मेचर मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतं. त्याच्या दांड्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, तो वर्म. तो नायलॉनच्या मोठ्या गिअरला फिरवतो. हे प्रमाण ६०:१ धरलं, तर २७०० फेऱ्यांचे ४५ होतात. गिअरच्या दांड्यावरचा क्रँक (छोटा आडवा दांडा) लिंकेजला, म्हणजे ब्लेडपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या जोडणीला, ढकलतो आणि गोल फिरणं मागेपुढे हलण्यात बदलतं.

गिअरचा एक फेरा म्हणजे ब्लेडची एक पूर्ण ये-जा. म्हणजे गिअर कोणत्या कोनात आहे एवढं कळलं की ब्लेड काचेवर नेमकं कुठे आहे ते कळलं. सगळी करामत यावर उभी आहे. गिअरच्या पाठीवर तांब्याची एक चकती बसवलेली असते आणि तिच्या कडेला एका जागी खाच. चकतीवर पितळी पट्ट्या घासत असतात. खाच सोडून बाकी सगळ्या कोनांत या पट्ट्या चावीकडून येणारे १२ व्होल्ट परतीच्या वायरवर पाठवतात. दांडी बंद केली की दांडीच्या आतला स्विच हीच परतीची वायर मोटरीच्या स्लो, म्हणजे हळू वेगाच्या, कार्बनला जोडतो. म्हणजे तुम्ही वायपर 'बंद' केला तरी मोटरीची वीज बंद होत नाही, फक्त तिचा रस्ता बदलतो. आता ती चकतीवरून येते आणि खाच येईपर्यंत येतच राहते.

हे घरच्या घरी तपासता येतं. वायपर काचेच्या मध्यावर असताना गाडीची चावी बंद करा. ब्लेड तिथेच थांबेल, कारण चकतीलाही वीज मिळत नाही. आता दांडी बंद करून चावी पुन्हा लावा. ब्लेड आपोआप तळाशी जाईल.

पण खाच आली आणि वीज तुटली, एवढ्यानं भागत नाही. मिनिटाला २७०० फेऱ्यांनी फिरणारं आर्मेचर वीज तुटल्याबरोबर थांबत नाही, ते आपल्या वेगानं आणखी फिरतं. गिअर थोडा पुढे सरकला की खाच ओलांडली जाते, पट्टी पुन्हा तांब्यावर येते, पुन्हा १२ व्होल्ट मिळतात आणि पुढचा फेरा सुरू होतो. म्हणून खाचेत आणखी एक काम करून ठेवलेलं असतं. तिथे परतीची वायर १२ व्होल्टपासून सुटते आणि लगेच अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या गाडीच्या धातूच्या अंगाला, जोडली जाते. मोटरीचं दुसरं टोक आधीपासूनच अर्थला असतं, त्यामुळे मोटरीची दोन्ही टोकं एकमेकांना शॉर्ट होतात. वीज न देता फिरणारी मोटर हा डायनॅमो असतो. तिची टोकं शॉर्ट केली की तिनंच तयार केलेला प्रवाह तिच्याच गुंडाळीतून वाहतो आणि लेंझच्या नियमानुसार तिच्या फिरण्याला विरोध करतो. आर्मेचर झटक्यात थांबतं. खेळण्यातली छोटी मोटर घेऊन तिचा दांडा बोटांनी फिरवा, मग तिच्या दोन वायरी एकमेकींना जोडून फिरवा. दुसऱ्या वेळी दांडा जड लागतो. घाट उतरताना विजेची रेल्वे इंजिनं आपल्याच मोटरींना डायनॅमो करून वेग आवरतात, ते याच तत्त्वावर. ना सेन्सर, ना चिप. एक चकती, एक खाच आणि तीन-चार पट्ट्या. मोटारीच्या विजेत याहून देखणी रचना मला तरी माहीत नाही.

आता तक्रारींकडे वळू. बंद करताच ब्लेड तिथल्या तिथे थांबत असेल, तर चकतीवरून १२ व्होल्ट परत येत नाहीत: पट्टीवर काजळी किंवा वाळलेलं ग्रीस आहे, चकतीला वीज देणारी वायर तुटली आहे किंवा दांडीतला स्विच गेला आहे. बंद करूनही ब्लेड थांबतच नसेल, तर खाचेतला अर्थ लागत नाही, म्हणजे ब्रेक नाही. असा वायपर कोरड्या काचेवर घर्षणामुळे कसाबसा थांबतो आणि ओल्या काचेवर घसरून पुढे जातो. दोन्ही बाबतींत मोटर मात्र धडधाकट असते. गिअरचं झाकण चार-पाच स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते उघडून पट्ट्या स्वच्छ करणं आणि किंचित वाकवून त्यांचा दाब वाढवणं, एवढीच बहुतेक वेळा दुरुस्ती.

तिसरा कार्बन कशाला, हेही पाहू. स्लोसाठी दोन कार्बन समोरासमोर असतात. तिसरा, फास्टचा, स्लोच्या कार्बनपासून थोडा बाजूला सरकवलेला. समजा आर्मेचरवर १२ गुंडाळ्या आहेत. समोरासमोरच्या कार्बनांमध्ये प्रवाहाला दोन वाटा मिळतात, प्रत्येकीत ६ गुंडाळ्या. फिरताना या सहाही गुंडाळ्यांत बॅटरीला विरोध करणारा उलटा विद्युत दाब तयार होतो आणि तो बॅटरीच्या १२ व्होल्टच्या जवळ पोचला की वेग स्थिरावतो. फास्टचा कार्बन ६० अंश सरकवला तर एका वाटेत ४ गुंडाळ्या येतात, दुसरीत ८. पण त्या ८ पैकी ६ एका ध्रुवाखाली आणि २ विरुद्ध ध्रुवाखाली असतात. दोन दोघींना खोडतात, उरतात ४. म्हणजे दोन्ही वाटांत उलटा दाब सहाऐवजी चारच गुंडाळ्यांचा. तेवढाच दाब तयार करायला मोटरीला ६/४, म्हणजे दीडपट वेगानं फिरावं लागतं. ४५ चे साधारण ६७. वेग वाढवायला इथे कोणी जास्त व्होल्ट देत नाही, मोटरीचा स्वतःचा विरोध कमी केला जातो. याची किंमतही असते: दर अँपिअरमागे मिळणारा पीळ (फिरवायचा जोर) कमी होतो आणि प्रवाह वाढतो. म्हणून जड चालणारा वायपर "फास्टवर टाकून बघू" म्हणून चालवणं ही मोटर तापवायची हमखास रीत आहे.

फास्ट चालतो आणि स्लो चालत नाही, तर स्लोचा कार्बन झिजलेला किंवा आपल्या खोबणीत अडकलेला समजावा. तोच सर्वांत जास्त वापरला जातो. वायपर थोडा वेळ चालून थांबतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालतो, तर मोटरीतली द्विधातूची पट्टी तापून सर्किट तोडते आहे. इथे मोटर आपला जीव वाचवते आहे. खरा दोषी लिंकेज.

लिंकेजचे दोन पिव्होट, म्हणजे ब्लेड ज्यांवर फिरतात ते सांधे, काचेच्या खाली, पाण्यात आणि धुळीत असतात. पोलादी दांडा ॲल्युमिनियमच्या नळीत फिरतो. ग्रीस वाळलं की पाणी शिरतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते आणि दांडा जाम होतो. त्यात गुलमोहराची बारीक पानं काचेच्या तळाशी असलेल्या काळ्या जाळीखाली साचून पाण्याची भोकं बुजवतात आणि मोटरच डबक्यात बसते. तपासणी सोपी आहे. मोटरीच्या क्रँकवरून लिंकेजची दांडी काढा आणि लिंकेज हातानं हलवा. एका बोटानं हललं पाहिजे. हलत नसेल तर सर्किलप (दांडा अडकवून ठेवणारी गोल क्लिप) काढून दांडा बाहेर घ्या, रॉकेलनं धुवा, बारीक पॉलिश पेपरनं गंज काढा आणि लिथियम ग्रीस लावून परत बसवा. नुसतं वरून तेल सोडलं तर आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. लिंकेज जोडलेलं असताना मात्र ब्लेड कधी हातानं ढकलू नका. वर्म गिअरला फिरवतो, गिअर वर्मला फिरवू शकत नाही. जोर लावाल तर नायलॉनचे दात जातील. मोटर गुणगुणते पण ब्लेड हलत नाही, याचा अर्थ हे दात गेले आहेत किंवा लिंकेजची दांडी आपल्या गोळीवरून निसटली आहे.

वायपर अजिबात हलत नसेल तर क्रम असा: फ्यूज, मग वीज, मग अर्थ, आणि शेवटी मोटर. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालू नका, वायरिंग जळेल. मोटरीचा सॉकेट जोडलेला ठेवून, दांडी चालू करून मल्टिमीटरनं व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२.४ आणि मोटरीवर १०.५ असतील तर फरक वायरीत किंवा स्विचमध्ये खर्च होतो आहे. मग दांडी चालूच ठेवून एक टोक मोटरीच्या अर्थच्या पिनवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. अनेक मोटरी रबरी बुशांवर बसवलेल्या असतात, त्यामुळे बोल्टमधून अर्थ मिळत नाही. तो वेगळ्या वायरीनं येतो, आणि तिचा जोड गंजला की चांगली मोटर मेल्यासारखी वागते. दोन्ही मापं ठीक आणि मोटर गप्प, तेव्हाच ती उघडा.

उघडण्याआधी डबा आणि गिअरचं घर यांवर आरपार खूण करा. डबा उलटा बसला तर चुंबकाचे ध्रुव बदलतात आणि मोटर उलटी फिरते. आर्मेचरच्या टोकाची छोटी पोलादी गोळी आणि वॉशर हरवू देऊ नका. कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर बदला. कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं पुसा, एमरी पेपर नको, त्याचे कण फटींत अडकतात. डब्यावर हातोडी मारायची नाही. फेराइट चिनीमातीसारखं ठिसूळ असतं.

पावसाच्या तोंडावर काचेला लावायच्या 'वायपर विसरा' छापाच्या द्रवांच्या जाहिराती सुरू होतात. त्यांनी पाण्याचे थेंब गोल होतात हे खरं, पण ते उडवायला वारा लागतो. घाटात २५-३० च्या वेगानं चढताना थेंब काचेवरच थरथरत राहतात. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी बदलणाऱ्या गाडीचं वायपरचं रबर तीन-तीन वर्षं बदललेलं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. अपघात नजर लागून होत नाहीत, समोरचं न दिसल्यानं होतात.

मोटर खरोखरच बदलायची असेल, तर ब्लेड तळाशी असताना त्यांची जागा काचेवर चिकटपट्टीनं दाखवा आणि बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुन्या क्रँकचा कोन मोटरीच्या तुलनेत फोटो काढून ठेवा, मगच नट सोडवा. नवीन मोटर आधी नुसती सॉकेटला जोडा, बॅटरी जोडून एकदा चालवा आणि दांडीनंच बंद करा. चावीनं नको. आता तिचा गिअर खाचेवर थांबला आहे. क्रँक फोटोतल्या कोनात बसवा, लिंकेज जोडा, ब्लेड धरणारे आर्म सर्वांत शेवटी. हा क्रम चुकला तर ब्लेडचा तळ काचेच्या मध्यावर येतो, किंवा पहिल्याच फेऱ्यात आर्म बॉनेटवर आपटतो. काच ओली करून स्लो, फास्ट आणि बंद असं तीन-चारदा करा. दर वेळी ब्लेड चिकटपट्टीवरच येऊन थांबलं, की आर्मचे नट पुन्हा एकदा आवळा आणि काळी जाळी बसवा.