पानाच्या टोकावरचा थेंब

सकाळी सहा-साडेसहाला आमच्या मनी प्लांटच्या पानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लटकलेला असतो. आदल्या संध्याकाळी पाणी घातलं असेल तर हमखास. ते दव नव्हे. रात्री पानांची रंध्रं मिटलेली असतात, त्यामुळे पाण्याची वाफ होऊन जाणं जवळपास थांबतं. मुळं मात्र ओल्या मातीतलं पाणी आत घेतच राहतात. हा मूलीय दाब वाढला की जादाचं पाणी पानाच्या कडेच्या खास छिद्रांतून बाहेर येतं आणि टोकाशी जमा होतं. उन्हं वर आली की थेंब नाहीसा.

डोंबिवलीच्या आमच्या घरात ती कुंडी चार वर्षं होती. तो थेंब मला पहिल्यांदा दिसला तो एप्रिल २०२० मध्ये. लॉकडाऊन लागून तीन आठवडे झाले होते, बाबा नाशिकला एकटे होते आणि फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. त्या सकाळी मी थेंबाकडे किती वेळ पाहत बसले कुणास ठाऊक. पण उठल्या उठल्या बातम्या बघायच्या राहून गेल्या, आणि चहा पिताना खांदे जरा सैल झालेले जाणवले. हे नेमकं काय झालं, ते तेव्हापासून शोधत आले आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा, कारण बहुतेक लोक झाड आणतात ते ‘हवा शुद्ध होते’ म्हणून. याचं मूळ आहे नासाच्या १९८९ सालच्या एका अहवालात. बिल वूल्व्हर्टन यांनी हवाबंद पेट्यांत झाडं ठेवली, त्यांत बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं सोडली आणि ती कमी होतात का ते मोजलं. ती झाली. प्रयोग अंतराळयानाच्या दृष्टीने केलेला होता आणि तेवढ्यापुरता तो ठीकच होता. आपलं घर मात्र हवाबंद पेटी नाही. दाराखालच्या फटीतून, खिडकीतून हवा सतत येत-जात असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा १९६ प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. साध्या वायुविजनाने जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीत कमीत कमी ११० कुंड्या. माणसं बसणार कुठे?

स्नेक प्लांट रात्रीही ऑक्सिजन सोडतो, हेही असंच. ते झाड रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं, हे खरं. पण ऑक्सिजन तयार व्हायला पाण्याचा रेणू फुटावा लागतो, आणि त्यासाठी प्रकाश लागतो. शिवाय माणसाला दिवसाला सुमारे ५५० लिटर ऑक्सिजन लागतो. उशाशी ठेवलेल्या पाच-सहा पानांची त्यात भर ती किती पडणार!

हे सगळं वाचून मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट झाडावरचं एक खोटं ओझं उतरलं.

झाडं बघून माणसाला बरं वाटतं का, याबद्दलचं एक गाजलेलं संशोधन खिडकीबाहेरच्या झाडांचं आहे. रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा निबंध आला. माणसं थोडीच आहेत, पण त्यानंतर रुग्णालयांच्या खिडक्यांकडे बघण्याची नजर बदलली.

असं का होत असावं? मिशिगन विद्यापीठाच्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचं म्हणणं मला पटतं. हिशेब करणं, मेल लिहिणं, गर्दीत रस्ता ओलांडणं यासाठी आपण लक्ष मुद्दाम एका जागी धरून ठेवतो. ही ताकद वापरून वापरून थकते, मग चिडचिड होते, चुका होतात. हलणारं पान, उलगडणारी पालवी आपलं लक्ष वेधून घेते, पण बळजबरीने नाही. तेवढ्या वेळात ती थकलेली ताकद विसावते. मोबाइलही लक्ष वेधतो, पण तो विसावा देत नाही. फरक तिथे आहे.

नुसतं बघण्यापेक्षा हात लावण्याने जास्त होतं, असं दिसतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका अभ्यासात २४ तरुणांनी एकदा कुंडीतलं रोप दुसऱ्या कुंडीत लावलं आणि एकदा संगणकावर काम केलं. रोप लावल्यानंतर त्यांचं खालचं ब्लड प्रेशर कमी होतं आणि ताणाच्या वेळी जागी होणारी अनुकंपी चेतासंस्था शांत होती. जपानमध्ये ६३ कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी आपापल्या पसंतीचं छोटं रोप टेबलावर ठेवलं. थकवा आला की तीन मिनिटं त्याच्याकडे बघायचं, पाणीही आपणच घालायचं. जवळपास २७ टक्के लोकांच्या नाडीचे ठोके लक्षणीयरीत्या उतरले. म्हणजे उरलेल्या जवळपास ७३ टक्के लोकांना नाडीपुरता तसा फरक पडला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९७६ चा एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांचा अभ्यास. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमातले ९१ आजी-आजोबा त्यात होते. एका मजल्यावरच्या मंडळींना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या रात्री बघायचा ते ठरवा, आणि हे रोप घ्या, ते तुमचं, तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण पाणी नर्सबाई घालतील असं सांगून. काही आठवड्यांतच रोप स्वतः सांभाळणारी मंडळी जास्त तरतरीत, जास्त बोलती झाली. दीड वर्षाने त्यांच्यात मृत्यूही कमी दिसले, मात्र त्या आकडेमोडीतली चूक संशोधकांनी नंतर स्वतःच कळवली, म्हणून त्या आकड्यावर मी भर देत नाही. रोप तर दोन्ही मजल्यांवर होतं. एका मजल्यावर ते आपल्यावाचून अडणारं होतं, एवढंच.

लॉकडाऊनमध्ये काहीच आपल्या हातात नव्हतं. पाणी घालणं तेवढं होतं.

तेही जपून करावं लागतं, कारण घरातली झाडं तहानेने मरण्यापेक्षा अति पाण्यानेच जास्त मरतात. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. मुळांनाही हवा लागते आणि चिखलात ती मिळत नाही. बाटलीत मनी प्लांट असेल तर पाणी दर आठवड्याला पूर्ण बदला आणि कुंडीखालची ताटली कोरडी करा, डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. मांजर-कुत्रं किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर हवी, या वेलाच्या पानांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया तोंडाची आग करतात.

आणि झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कुंडीच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा.

बाबांसाठी मी त्याच वेलाची फांदी नेली होती, प्रवास सुरू झाल्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून. पानाच्या देठाशी जिथे तपकिरी गाठ दिसते, त्याच्या बोटभर खाली कापायचं, मुळं त्या गाठीतूनच फुटतात. बाबांनी ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. पंधराएक दिवसांनी त्यांचा फोन आला. तब्येतीचं काही बोललेच नाहीत. म्हणाले, “अगं, पांढरं मूळ आलंय. तांदळाएवढं.”