पणजोबांची नोंद ‘आढळून येत नाही’? आधी स्वतःचा अर्ज वाचा

पणजोबांच्या जन्माची जुनी नोंद मागायला जाऊन ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा घेऊन तहसीलमधून परतणाऱ्यांचे अर्ज पाहिले की बहुतेकांत एकच चूक दिसते. पणजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं आधार कार्डासारखं लिहिलेलं असतं.

पण जुना गाव नमुना नंबर 14, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची वही), तसा लिहिलेला नाही. जन्माची नोंद पुष्कळदा बारशाआधीच झालेली असते. ओळीत तारीख, ‘मुलगा’, बापाचं नाव ‘राणू बिन सखा’ (म्हणजे सखाचा मुलगा राणू) आणि जात एवढंच सापडतं. बाळाचं नाव नाही, आडनावही नाही. कारकून अर्जातलं ‘पांडुरंग’ शोधतो आणि पान उलटून मोकळा होतो.

म्हणून अर्जात पणजोबांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव ठळक लिहा. एकच साल देऊ नका. 1912 वाटत असेल तर 1908 ते 1916 मागा. जमलं तर मृत्यूची नोंद आधी काढा. तिथे नाव आणि वय दोन्ही असतं, त्यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो.

दुसरी ठेच तालुक्याची. गाव आज कुठे आहे यापेक्षा तेव्हा कुठे होतं ते महत्त्वाचं. सिंधुदुर्ग 1981 पर्यंत रत्नागिरीत होता, वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात, पालघर 2014 पर्यंत ठाण्यात. तालुक्यांच्या हद्दीही अशाच बदलल्या. जुनं दप्तर नव्या कचेरीत आलंय का, हे अभिलेख कक्षात आधी विचारा. ते न सांगता अर्ज ठेवून घेतात आणि महिन्यानं ‘आमच्याकडे नाही’ म्हणतात, याचा मला मनस्वी राग येतो.

बाकी सोपं आहे: नक्कल अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, सही केलेली वंशावळ, शुल्क. पोच मात्र सोडू नका. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा 1 एप्रिल 1970 ला लागू झाला. त्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका गाठा.

अख्खं कुटुंब एका जागी हवं असेल तर वारसाचा फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, मागा. खातेदार मयत झाल्यावर विधवा, मुलगे, कधी लग्न होऊन गेलेल्या मुलीही तिथे नावानिशी येतात. पणजीचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल, तर ते इथे मिळू शकतं. जमीनच नव्हती? मग पणजोबांची किंवा त्यांच्या भावांची शाळा शोधा आणि जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा मागा.

पान मोडी लिपीत असलं तर फोटोवर भागत नाही. कचेरीत दाखवायला प्रमाणित नक्कल आणि मोडी वाचकाचं सहीचं लिप्यंतर लागतं. घरच्या आजोबांना मोडी कितीही फाडफाड येत असो. मराठवाड्यात निजामकाळचे कागद उर्दूतही निघतात.

‘दप्तर जीर्ण’ असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा: 10 रुपये, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस.