जलरंगातील आखीव उद्यान

सरळ वाटा, समोरासमोरचे सारख्या मापाचे वाफे, कातरलेली कुंपणे आणि मध्यावर कारंजे अशा बागेला आखीव उद्यान म्हणतात. मोगल चारबागेत पाण्याचे पाट बागेचे चार भाग करतात. ही रचना स्वर्गातल्या बागेची खूण मानली जाते. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्रने आखलेल्या लांबच लांब सरळ वाटा राजा चौदाव्या लुईची सत्ता दाखवतात. चित्रकार कागद ओला करण्याआधीच बागेला अर्थ असतो, तो असा.

१८७४ साली पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरवणाऱ्या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांना मात्र प्रतीकांपेक्षा त्या घटकेचा उजेड हवा होता. त्यामुळे कमळ म्हणजे पावित्र्य, सरू म्हणजे मृत्यू असा कोश लावून त्यांच्या शैलीतली उद्यानाची जलरंगचित्रे वाचणे चूकच. अर्थ शोधायचा तो कडांमध्ये. दोरी धरून आखलेली वाट ओल्या कागदावर विरघळते. माळ्याने वर्षानुवर्षे राखलेली शिस्त आणि सरकते ऊन तिथे एकमेकांना भिडतात. शिवाय पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागद कोरा सोडतात. कारंज्याचे पाणी म्हणजे हात न लावलेली जागा! या शैलीच्या जवळचा अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंट १९१० मध्ये इटलीतल्या लुक्काजवळच्या व्हिला दि मार्लियाच्या बागेत जलरंगात काम करत होता.

पुण्यात आखणी आणि उजेडाच्या या भिडण्याचे सर्वांत बोलके उदाहरण शनिवारवाड्यात आहे. १८२८ च्या आगीत लाकडी इमले जळाले, दगडी जोती उरली. आजची हिरवळ त्या जोत्यांच्या चौकटीत आहे. म्हणजे इथली आखणी मुळात बागेची नाही, नाहीशा झालेल्या दालनांची आहे. लँडस्केपला बसणाऱ्याने झाडे, माणसे, तटाची सावली खुशाल एकमेकांत मिसळू द्यावी. जोत्याची कड तेवढी हरवू देऊ नये. ती गेली की उरते नुसती हिरवळ. (सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाला हे वाचन लागू पडत नाही. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरची ती बाग वळणावळणाने उलगडते.)

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याचा आकार कमळाचा आहे. कारंजे बंद असेल त्या दिवशी पाकळ्या कोरड्या दगडाच्याच रंगवाव्यात. नसलेले पाणी कोऱ्या कागदाने सुचवणे या शैलीत बसत नाही.