ओकच्या पानातला आईचा पत्ता

युरोपातल्या जंगलांत ओकच्या दोन जाती पुष्कळदा शेजारी शेजारी वाढतात. एकीची फळं लांब देठावर लोंबतात आणि पानाला देठ जवळजवळ नसतो. दुसरीचं बरोबर उलट. सरावलेल्या डोळ्यांना त्या वेगळ्या दिसतात आणि पेशीच्या केंद्रकातला डीएनएही तसंच सांगतो. मात्र पानांतल्या हरितलवकांचा, म्हणजे पेशीत अन्न बनवणाऱ्या हिरव्या कणांचा, डीएनए तपासला की घोटाळा सुरू होतो. एकाच जंगलातल्या दोन्ही जातींमध्ये तो अनेकदा हुबेहूब एकच निघतो, आणि त्याच जातीचं दूरच्या जंगलातलं झाड घेतलं तर वेगळा. म्हणजे हा डीएनए झाडाची जात सांगत नाही, गाव सांगतो.

हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, कारण तो एके काळी स्वतंत्र जीव होता. शंभर कोटी वर्षांहूनही आधी एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणारा सायनोबॅक्टेरिया गिळला आणि पचवायच्या ऐवजी कायमचा ठेवून घेतला. त्याची बहुतेक जनुकं पुढे केंद्रकात गेली किंवा हरवली. सपुष्प वनस्पतींच्या हरितलवकात आता साधारण दीड लाख अक्षरांचा डीएनए आणि शंभर-सव्वाशे जनुकं उरली आहेत. त्याचं पहिलं संपूर्ण वाचन १९८६ साली जपानमध्ये झालं. नागोयात तंबाखूचं आणि क्योतोत मार्केन्शिया या शेवाळासारख्या वनस्पतीचं.

झाडांची नाती शोधणाऱ्यांना हा डीएनए आवडतो, त्यामागे सोयीचा भाग मोठा आहे. पानाच्या एका पेशीत हरितलवक कितीतरी आणि प्रत्येकात डीएनएच्या अनेक प्रती. त्यामुळे पान कुटून मिळालेला सगळाच डीएनए वरवर वाचला, तरी हरितलवकाचे तुकडे इतके मिळतात की संगणक ते जोडून पूर्ण साखळी उभी करतो. हर्बेरियममधलं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातलं, जुनं पानसुद्धा अनेकदा चालतं. शिवाय हा डीएनए केंद्रकातल्यापेक्षा सावकाश बदलतो, त्यामुळे फार जुनी नातीही त्यात पुसली जात नाहीत.

१९९३ साली चाळीसहून अधिक संशोधकांनी मिळून सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींमधलं हरितलवकातलं एकच जनुक, कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को विकराचं, ताडून पाहिलं. त्यातून निघालेल्या नात्यांपैकी एक अजूनही गंमतीचं वाटतं. कमळाचे जवळचे नातेवाईक पाण्यातली कुमुदिनी नव्हे, तर प्लेन वृक्ष (काश्मीरचा चिनार त्यातलाच) आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात तो सिल्व्हर ओक! (हा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियाचा, खऱ्या ओकशी त्याचं काही नातं नाही.) पुढे केंद्रकातल्या जनुकांनीही त्याला दुजोरा दिला.

मग ओकच्या बाबतीत हाच साक्षीदार असा का बोलतो? त्याची किल्ली १९०९ सालच्या एका प्रयोगात आहे, आणि तो झाला गुलबक्षीवर. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांच्याकडे अशी गुलबक्षी होती की तिच्या काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, काही चट्ट्यापट्ट्यांच्या. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाला कुठलेही पराग द्या, रोपं पांढरीच उगवत आणि हरितद्रव्याविना मरत. हिरव्या फांदीवरच्या फुलाला पांढऱ्या फांदीचे पराग दिले तरी रोपं हिरवीच. पानांचा रंग आईकडून येत होता, बापाचा त्यात वाटा नव्हता. आपल्याकडे आडनाव वडिलांचं चालतं. बहुतेक सपुष्प झाडांत हरितलवक आईचा चालतो.

आता हिमयुगाकडे वळू. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली होता आणि ओक स्पेन-पोर्तुगाल, इटली आणि बाल्कन या दक्षिणेकडच्या आश्रयस्थानांत तगून होते. बर्फ हटल्यावर ते उत्तरेकडे सरकले. ओकचे पराग वाऱ्यावर दूर जातात, पण फळ जड, ते झाडाखालीच पडतं. त्याला लांब नेतो तो टकाचोराच्या कुळातला ‘जे’ (jay) नावाचा पक्षी. तो फळं जमिनीत पुरून ठेवतो आणि त्यातली काही परत काढत नाही. हरितलवकाचा प्रवास झाला तो या फळांबरोबर. फ्रेंच संशोधक रेमी पेती आणि त्यांच्या युरोपभरच्या सहकाऱ्यांनी २,६०० हून अधिक ठिकाणच्या ओकांमधला हा डीएनए तपासला, तेव्हा तिन्ही आश्रयस्थानांतून निघालेल्या वाटा नकाशावर उमटल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात संपूर्ण साखळी वाचलेली नव्हती, निवडक तुकडेच पाहिले होते, तेवढेही पुरले.

या वाटांवर दोन्ही जातींचा संकर होत राहिला. एक जात आधी पोचली, की दुसरीचे पराग वाऱ्याने तिच्या फुलांवर येत. संकरित झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या त्या दुसऱ्या जातीचेच पराग पडत राहिले, की केंद्रक हळूहळू तिचं होतं. हरितलवक मात्र पहिल्या आईचाच राहतो. ओकची जात पोचते ती परागातून, आणि पत्ता मागे उरतो आधीच्या मालकिणीचा. अमेरिकेतल्या ओकांतही १९९१ साली असंच दिसलं होतं, तेव्हा हा एकट्या युरोपचा योगायोग नव्हे.

म्हणूनच ‘अमुक वृक्षाचा हरितलवक जीनोम (हरितलवकातला सगळा डीएनए) वाचला, नातं सुटलं’ अशी बातमी आली की मी थोडा सावध होतो. दीड लाख अक्षरं असली तरी ती एकत्रच वारशाने येतात, म्हणजे साक्षीदार एकच. केंद्रकातली शेकडो जनुकं शेजारी ठेवून पाहिली आणि दोन्हींचे वंशवृक्ष जुळले नाहीत, तर तिथे जुना संकर झाला असण्याची शक्यता तपासावी लागते. माझ्या मते खरा मजकूर त्या न जुळण्यातच असतो.

पाइनसारख्या शंकुधारी झाडांत तर सगळं फिरतं. तिथे हरितलवक परागातून, म्हणजे बापाकडून येतो, आणि आईकडून येतात त्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या कणिका. पाइनच्या बिया कुठून कुठे गेल्या हे शोधायचं असेल तर हरितलवक बाजूला ठेवून त्याच वाचाव्या लागतात.