पॅक-१२ चा २०२३ चा फुटबॉल सीझन

पॅक-१२ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या १२ युनिव्हर्सिटींची कॉन्फरन्स, म्हणजे ठरलेल्या टीम्सचा गट, ज्या दरवर्षी आपापसात खेळतात. फुटबॉल अर्थातच अमेरिकन, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा आणि फेकायचा तो. या गटाची मुळं १९१५ पर्यंत जातात आणि २०२३ हा १२ टीम्सचा शेवटचा सीझन ठरला. वाईट याचं वाटतं की मोडायच्या वर्षीच इथला खेळ ऐन भरात होता.

मोडायचं कारण टीव्हीचा पैसा. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटींनी जून २०२२ मध्येच बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं जाहीर केलं, मग जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सकडे गेलं. अ‍ॅपलची स्ट्रीमिंगची ऑफर आली होती पण ती बऱ्याच जणांना पटली नाही आणि ४ ऑगस्टला एकाच दिवशी पाच टीम्स बाहेर पडल्या. पाठोपाठ स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) पार अटलांटिक किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये गेले, आणि मागे राहिले फक्त ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

एवढं सगळं होऊनही मॅचेस मात्र एकसे एक झाल्या. डियॉन सँडर्स यांच्या कोचिंगखाली कोलोरॅडोने पहिल्या तिन्ही मॅच जिंकल्या, सगळा देश त्यांच्याकडे बघत होता, नंतर स्टॅनफर्डविरुद्ध २९-० ने पुढे असताना ४६-४३ ने हरले आणि सीझन ४-८ वर, म्हणजे चार विजय आणि आठ पराभवांवर संपला.

सीझन खरा सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचा. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, मायकल पेनिक्स ज्युनियर डावखुरा, आधीच्या कॉलेजात चार वेळा दुखापतीने सीझन अर्ध्यावर सुटलेला, आणि इथे त्याने ४,९०३ यार्डांचे पास टाकले, देशात सगळ्यात जास्त. १४ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलमध्ये ओरेगनला ३६-३३ ने हरवलं, शेवटच्या क्षणी ओरेगनची फील्ड गोलची (बॉल खांबांमधून मारून तीन गुण मिळवायची) किक बाहेर गेली. १ डिसेंबरला लास व्हेगासला झालेल्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ओरेगन फेव्हरिट असूनही वॉशिंग्टनच जिंकलं, ३४-३१.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती अ‍ॅपल कप नावाची मॅच, वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट, एकाच राज्यातलं जुनं वैर. २५ नोव्हेंबरला स्कोअर २१-२१, मिनिटभर उरलेलं, वॉशिंग्टनचा चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), एक यार्ड हवा, तोही स्वतःच्या २९ यार्ड लाइनवर, म्हणजे आपल्याच टोकाजवळ. बहुतेक कोच इथे पंट करतात, म्हणजे बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देऊन टाकतात. वॉशिंग्टनचे कोच केलन डीबोअर यांनी बॉल आपल्या रोम ओडुन्झेच्या हातात सोपवायचं ठरवलं आणि तो कडेकडेने २३ यार्ड पळाला. मग ग्रेडी ग्रॉसने ४२ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि वेळ संपली. तोपर्यंत स्कॉलरशिप नसलेल्या या पोराला ती मिळाल्याचं कोचने लॉकर रूममध्येच सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि पोरं आनंदाने त्याच्या अंगावर झेपावली.

पुढे वॉशिंग्टनने शुगर बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या सेमीफायनलमध्ये, टेक्ससला ३७-३१ ने हरवलं, ८ जानेवारी २०२४ ला ह्यूस्टनला झालेल्या राष्ट्रीय फायनलमध्ये मात्र मिशिगनने त्यांना ३४-१३ ने हरवलं. रेकॉर्ड १४-१. त्याच आठवड्यात डीबोअर अलाबामा युनिव्हर्सिटीचे कोच म्हणून गेले.

मागे राहिलेल्या दोघांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा मिळवला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ओरेगन स्टेटच्या कॉर्व्हॅलिसला त्यांची आपसातली मॅच झाली, ओरेगन स्टेटने ४१-३८ ने जिंकली, आणि त्या वर्षी पॅक-१२ मधल्या दोन टीम्सची एकमेकांशी झालेली मॅच ती एकच.